हिरवा ठिपका

चाळीसपैकी अकरा स्कॅनर वेगळे आहेत, हे वहिनीला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. तिने ते लपवून ठेवलं नाही. वहीत त्यांचे नंबर लिहिले, कोल्ड स्टोरेजच्या मॅनेजरला समोर बसवून सांगितलं, कागदावर त्याची सही घेतली. पुढे चौकशी झाली तेव्हा तो कागद पहिल्याच फायलीत सापडला आणि शोधूनही त्यात चूक निघाली नाही. चूक कागदावर नव्हतीच.

तिला सगळेच वहिनी म्हणत. खरी वहिनी ती एकट्या लंबूची, म्हणजे तिच्या धाकट्या दिराची. ती लग्न होऊन घरात आली तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि त्याचा एक तरी गुडघा कायम फुटलेला असायचा. पंधराव्या वर्षी तो थोरल्या भावाच्या डोक्यावरून पलीकडे बघायला लागला, आणि त्याचं खरं नाव घरात कुणी घेईनासं झालं. दुकानात आला की तो रस्त्यावरूनच 'वहिनी' अशी हाळी द्यायचा. ती ऐकून ऐकून पुढचा झेरॉक्सवालाही तसंच म्हणू लागला, मग गिऱ्हाइकं, मग पोस्टमन.

दुकान म्हणजे झेरॉक्सच्या मागची एक लांबट खोली. खिडकीखाली टेबल, टेबलावर भिंग बसवलेला दिवा आणि भिंतीवरच्या तीन फळ्यांवर हातात मावणारी नाना यंत्रं. कंपनीने वाऱ्यावर सोडलेले फोन, काच तडकलेले टॅबलेट, पुस्तकं वाचायची काळीपांढरी पाटी, मुलांचा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम, पाण्याचे मीटर वाचणाऱ्या माणसाचं जाडजूड यंत्र. यातलं काहीही आलं की त्यातली जुनी, बंद पडलेली प्रणाली पुसून वहिनी त्यावर लिनक्स टाकून द्यायची. ज्या वस्तूला तिच्या कंपनीने मेली म्हणून जाहीर केलं होतं, ती वस्तू आणखी चार-पाच वर्षं चालायची.

काम सांगायला सोपं होतं. केबल लावायची, कंपनीने घातलेलं कुलूप उघडायचं, नवी प्रणाली आत ओतायची. पण प्रत्येक यंत्राची खोड निराळी. कुणाचं आवाज कमी करायचं बटण आणि चालू करायचं बटण एकदम दाबून धरावं लागे, कुणाचं झाकण उघडून आतल्या दोन टोकांवर चिमटा टेकवावा लागे, कुणी निम्म्यावर मान टाकायचं आणि मग ना धड चालू व्हायचं ना बंद. म्हणून वहिनीकडे वही होती. प्रत्येक बनावटीला एक पान आणि प्रत्येक पानावर पहिली ओळ तीच: आधी वाच, मग दाब. एका यंत्रावर सगळं तपासायचं, ते नीट चाललं की त्याचीच प्रत बाकीच्यांवर उतरवायची. आठ वर्षांत तिच्या हातून दोनच यंत्रं कायमची गेली होती. त्या दोन्हींची पानं तिने फाडली नव्हती.

कोल्ड स्टोरेजचं काम लंबूनेच आणलं. तो तिथे माल काढायला होता. हातात स्कॅनर घ्यायचा, त्याच्या पडद्यावर आलेली यादी बघायची, फ्रीझरमधल्या घोड्यांवरून, म्हणजे उंच लोखंडी मांडण्यांवरून, खोकी उतरवायची, प्रत्येकाचा बारकोड स्कॅनरला दाखवायचा आणि ढकलगाडीवर ठेवायचं. उणे बावीस अंशांत, जाड सूट घालून, दिवसाचे चार फेरे. स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीने पत्र धाडलं की वर्ष संपताच आमची सेवा बंद होईल आणि हे स्कॅनर उघडणार नाहीत. मॅनेजर चाळीसच्या चाळीस भंगारात घालायला निघाला होता. तेव्हा लंबूने छाती पुढे काढून सांगितलं की माझी वहिनी मेलेली यंत्रं उठवते, तिला एकदा दाखवा.

दोन खोक्यांतून स्कॅनर आले. विटेएवढे जड, काळ्या रबरात मढवलेले, हातमोज्यातूनही दाबता येतील एवढ्या बटणांचे. पाठीचा खालचा अर्धा भाग म्हणजेच बॅटरी. बाजूची कळ दाबली की ती खट्कन सुटून हातात यायची, दुसरी तितक्याच सहज बसायची. वहिनीला ही बनावट आवडली. वस्तू करणाऱ्याने ती वापरणाऱ्याच्या हातांचा विचार केलाय, असं ती नवऱ्याला म्हणाली.

लिनक्स टाकायला फारसा त्रास झाला नाही. चौथ्या दिवशी पहिला स्कॅनर उघडला, बारकोड वाचू लागला, कोल्ड स्टोरेजच्या कॉम्प्युटरशी बोलू लागला. राहिली होती एकच गोष्ट, आणि ती सगळ्यात महत्त्वाची होती. फ्रीझरमध्ये माणूस एकटा एका गल्लीत असतो. तो पडला तर पंख्यांच्या घरघरीत हाक ऐकू जात नाही. म्हणून जुन्या प्रणालीत एक सोय होती: स्कॅनरच्या पोटातला चिमुकला सेन्सर हालचाल ओळखायचा, आणि स्कॅनर नव्वद सेकंद श्वासाच्या हेलकाव्याहून जास्त हलला नाही की तो कर्कश ओरडायचा. बाहेर मुकादमाच्या बोर्डावर, म्हणजे भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर, त्याचा हिरवा चौकोन लाल व्हायचा. ती सोय नसेल तर आत माणूस पाठवायचा नाही, असा नियमच होता. जुनी प्रणाली पुसली की ती सोयही पुसली जाणार होती. वहिनीने ती नव्याने लिहिली. साठ-सत्तर ओळींचा छोटासा प्रोग्राम.

आणि तिथेच अकरा स्कॅनर वेगळे निघाले.

बाहेरून चाळीसही सारखे. पण अकरांच्या आत कारखान्याने दुसऱ्याच बनावटीचा सेन्सर बसवला होता आणि त्याच्याशी बोलायचं कसं, हे लिनक्सला ठाऊक नव्हतं. तो कायम एकच आकडा सांगायचा. आकडा बदलत नाही म्हणजे हालचाल नाही, असं समजून ते अकरा स्कॅनर दर नव्वद सेकंदांनी कोकलायचे. दोन दिवस दुकानात उभं राहवेना. झेरॉक्सवाला येऊन म्हणाला, "वहिनी, तुम्ही यंत्रं दुरुस्त करताय की त्यांच्या माना पिरगाळताय?"

तिसऱ्या दिवशी तिने प्रोग्रामात एक ओळ घातली. चांगला सेन्सर टेबलावर निश्चल ठेवला तरी त्याच्या आकड्यातला शेवटचा अंक किंचित थरथरत असतो. तेव्हा शेवटचा अंकसुद्धा बदलत नसेल, तर सेन्सरच बंद आहे असं धरायचं आणि ओरडायचं नाही. बोर्डावर हिरवंच दाखवायचं. अकरा स्कॅनर गप्प झाले. खरं तर अशांचा चौकोन करडा दिसायला हवा, हे तिला त्याच क्षणी सुचलं. तिने वहीत लिहिलं: 'करडा रंग, नंतर.'

मॅनेजरला घाई होती. तिने त्याला सगळं सांगितलं. अकरा स्कॅनर बारकोड वाचतात पण पडलेला माणूस ओळखत नाहीत, त्यांना फ्रीझरमध्ये नेऊ नका, बाहेर माल उतरवायच्या धक्क्यावर वापरा. मॅनेजर म्हणाला की नंबर कोण वाचत बसणार, पोरांच्या हातांत मोजे असतात, काहीतरी डोळ्यांना दिसेल अशी खूण करा. त्याचं म्हणणं रास्त होतं. वहिनीने एकोणतीस हिरवे गोल स्टिकर घेतले. रबरावर ते टिकेनात, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातून उचलायचे. पाठीवरच्या बॅटरीचं प्लॅस्टिक मात्र गुळगुळीत होतं. तिथे ते पक्के बसले. शिवाय चार्जिंगच्या खाचेत स्कॅनर पालथा ठेवत, म्हणजे बॅटरी वर येई आणि ठिपका लांबूनही दिसे. हिरवा ठिपका असेल तरच फ्रीझरमध्ये, नसेल तर धक्क्यावर. कागदावर हेच लिहिलं होतं, आणि त्याखाली मॅनेजरची सही होती.

स्कॅनर सोपवले त्या दिवशी ती स्वतः गेली. कपडे बदलायच्या खोलीत बाकांवर पंधरा-सोळा माणसं बसली होती. भिंतीवर थंडीच्या सूचनांचा तक्ता होता आणि मॅनेजर येईपर्यंत तिने सवयीने तो वाचून काढला. अंग थरथरतंय तोवर माणूस थंडीशी झगडतोय. थरथर थांबली, बोलणं अडखळू लागलं, की एक मिनिटही न घालवता बाहेर काढा.

मग तिने समजावून सांगितलं. ठिपक्याचं, बोर्डाचं, नव्वद सेकंदांचं. मुकादमाला म्हणाली की हिरवं दिसतंय तोवर निश्चिंत राहा. आणि माणसांना म्हणाली की एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पडलात, लागलं, उठता येत नाहीये, तर धडपड करू नका. हललात की मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू. निपचित पडून राहा, तो तुमच्यासाठी बोंब मारेल.

"दाखवूनच देतो," म्हणत लंबू स्कॅनर छातीवर ठेवून खोलीच्या मधोमध फरशीवर आडवा झाला. सहा फूट दोन इंचांचा माणूस, दोन बाकांच्या मध्ये जेमतेम मावला. डोळे मिटले, हात बाजूला टाकले, श्वास अगदी संथ केला. पहिली दहा सेकंद हसण्यात गेली. कुणीतरी म्हणालं की याला झोपायला निमित्तच हवं होतं. मग हळूहळू हसणं विरलं, कारण तो खरोखरच हलत नव्हता, आणि सगळे त्याच्याकडे बघत राहिले. वहिनीला ते बघवेना. ऊठ आता, पुरे, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं, तेवढ्यात स्कॅनर किंचाळला. दोघंतिघं दचकून उभे राहिले.

लंबूने एक डोळा उघडला. "आळशीपणाने माणसाचा जीव वाचतो, हे कुणीतरी आमच्या आईला कळवा रे."

तीन आठवडे काहीच झालं नाही. वहिनीच्या टेबलावरच्या लॅपटॉपवरही तो बोर्ड दिसायचा. पहिला महिनाभर लक्ष ठेवायचं, असं ठरलं होतं. चाळीस चौकोन, चाळीस हिरवे; खाचेत चार्ज होणाऱ्यांची मोजणी थांबलेली असे, म्हणून तेही हिरवे. ती फोन उघडायची, चिमट्याने बारीक स्क्रू उचलायची आणि मधूनच मान वर करून बघायची. हिरवे. कुणी विश्रांतीला गेलं आणि स्कॅनर बाकावर विसरलं तर एखादा लाल व्हायचा, मुकादम जाऊन बघायचा, पुन्हा हिरवा. अगदी हवं तसं चाललं होतं. तरी तिच्या मनात कुठेतरी पाल चुकचुकायची, आणि कशाने ते सापडायचं नाही. एकदा तिने प्रोग्राम पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत पुन्हा वाचला. प्रोग्राम बरोबर होता.

रविवारी लंबू जेवायला यायचा. एका रविवारी त्याने थंडीत बॅटरी कशी मान टाकते ते साग्रसंगीत सांगितलं. दोन तासांत ती पार झोपते. मग बाहेरच्या उबदार खोलीत जायचं, टोपलीत चार्ज झालेल्या पडलेल्या असतात त्यातली हाताला येईल ती उचलायची, खट्कन लावायची, जुनी चार्जिंगच्या टोपलीत टाकायची, की पुन्हा आत. "मोज्यातूनसुद्धा जमतं," तो म्हणाला. "डोळे झाकून."

वहिनीने हे ऐकलं. हसलीसुद्धा. त्याच्या ताटात आणखी वाढलं आणि मोज्यातून जमतं हे ऐकून त्या अनोळखी कारागिराचं पुन्हा एकदा कौतुक केलं.

चौकशीच्या अहवालात पुढच्या वेळा मिनिटांनिशी दिल्या आहेत. त्या दिवशी दुपारी दोन वाजून सव्वीस मिनिटांनी कोल्ड स्टोरेजच्या गाडीचा ड्रायव्हर वहिनीच्या दुकानात एक पिशवी ठेवून गेला. आत मुकादमाची चिठ्ठी होती. या सहा बॅटऱ्या लवकर उतरतात, बघून ठेवा, घाई नाही. तिने पिशवी टेबलावर पालथी केली.

सहा बॅटऱ्या. स्कॅनर एकही नाही. चार बॅटऱ्यांवर हिरवे ठिपके.

ती त्यांच्याकडे बघत राहिली. ठिपका स्कॅनरवर होता, असं ती तीन आठवडे समजत होती. तो स्कॅनरवर कधीच नव्हता. तिने एका सुट्या तुकड्यावर खूण केली होती आणि तो तुकडा दर दोन तासांनी एका टोपलीत पडत होता. एकोणतीस ठिपके तीन आठवडे चाळीस स्कॅनरांच्या पाठींवरून फिरत होते. चांगला स्कॅनर कुठला आणि मुका कुठला, हे आता कोल्ड स्टोरेजमध्ये कुणालाही माहीत नव्हतं. आणि मुके सगळे बोर्डावर हिरवे होते, कारण तिनेच त्यांना हिरवं केलं होतं.

 तिने वही उघडली, अकरा नंबर काढले, लॅपटॉप ओढला. फ्रीझरमध्ये त्या घडीला तीन जण होते. दोघांचे नंबर चांगल्यातले. तिसरा एकतीस. एकतीस मुक्यांत होता. तिने चौकोनावर बोट ठेवलं आणि कोण वापरतंय ते उघडलं. लंबूचं खरं नाव तिने कितीतरी दिवसांनी वाचलं.

चौकोन हिरवा होता. सेन्सरचा आकडा तोच होता, शेवटच्या अंकापर्यंत तोच. कालही तोच होता, तो नाचत असता तरी तोच असता. त्यातून काहीच कळणार नव्हतं. कळणार होतं ते खालच्या ओळीतून. शेवटचा बारकोड वाचल्याची वेळ: दोन वाजून अकरा मिनिटं. त्याआधीचे बारकोड बघितले. तीस सेकंद, चाळीस सेकंद, पंचवीस सेकंद, अशा अंतराने एकामागून एक. मग दोन अकराला सगळं थांबलेलं. लॅपटॉपच्या कोपऱ्यात दोन एकतीस झाले होते.

लंबूचा फोन कुलपाच्या कपाटात वाजत राहिला. आत फोन नेऊ देत नसत. तिने मुकादमाला लावला. दोनदा कुणी उचलला नाही. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा मागे ट्रकचं इंजिन गुरगुरत होतं. तिने श्वास न घेता सांगितलं की फ्रीझरमधली सगळी माणसं आत्ता बाहेर काढा, ठिपके बदललेत, लंबूकडे मुका स्कॅनर आहे.

"सगळे हिरवे आहेत वहिनी," मुकादम म्हणाला. "चाळीसच्या चाळीस. आत्ता समोर बघतोय."

"त्या हिरव्यावर जाऊ नका. माणसं काढा."

"तुमचाच हिरवा आहे तो. तुम्हीच सांगितलंत ना, हिरवं दिसतंय तोवर निश्चिंत राहा म्हणून."

ती म्हणाली की वीस मिनिटांत त्याने एकही बारकोड वाचलेला नाही. तो म्हणाला की मागच्या गल्ल्यांत नेट जातं, मग सगळं एकदम येतं, नेहमीचं आहे. नेट गेलं असतं तर हिरवंही आलं नसतं, ते दर सेकंदाला येतंय, असं ती म्हणाली.  पलीकडे ट्रकचा भोंगा वाजला आणि कुणीतरी मुकादमाला हाक मारली.

"बघतो," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तो शब्द तिच्या ओळखीचा होता. तिच्या वहीत तो 'नंतर' असा लिहिलेला होता.

ती निघाली. दुकान उघडंच टाकलं, झेरॉक्सवाल्याला एवढंच म्हणाली की अँब्युलन्सला फोन करून कोल्ड स्टोरेजवर पाठवा, आणि स्कूटरला किल्ली लावली. तो काय झालं म्हणून विचारत फुटपाथपर्यंत आला, पण ती वळणावर पोचली होती. रस्ता एरवी वीस मिनिटांचा. तिने तो चौदा मिनिटांत कापला, आणि त्यातली दोन मिनिटं एका सिग्नलला गेली, जिथे तिच्या शेजारी उभ्या गाडीतलं लहान मूल काचेला नाक लावून तिच्याकडे बघत होतं. तिच्या डोक्यात हिशोब चालला होता. लंबूला मागच्या गल्लीत नेट मिळत नसेल. लंबू बॅटरी बदलायला बाहेर आला असेल आणि गप्पा मारत बसला असेल, तो बसतोच. बॅटरी काढली असती तर चौकोन काळा झाला असता. लंबू गप्पा मारत बसला असता तर बारकोड नसतेच, पण दारापाशी स्कॅनरवर बाहेर गेल्याची नोंद झाली असती. एकेक शक्यता ती पुढे करत होती आणि तिने स्वतःच लिहिलेला प्रोग्राम ती एकेक करून खोडत होता.

मुकादम धक्क्यावरच होता. हातात मालाची यादी, कानामागे पेन. तिला बघून त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या, मग तिच्या चेहऱ्याकडे नीट बघून त्या गेल्या. तो काही बोलायच्या आत ती त्याच्या अंगावरून आत गेली. पलीकडे बोर्ड भिंतीवर लटकत होता. चाळीस हिरवे चौकोन, एका ओळीत आठ, शेतासारखे शांत. तिने तिकडे एकदाच बघितलं. मुकादम मागून धावत आला, वाटेत खुंटीवरचा कुणाचा तरी कोट ओढून तिच्या खांद्यांवर टाकला आणि फ्रीझरचा जाड दरवाजा दोन्ही हातांनी सरकवला.

आत गेल्यावर पहिल्यांदा नाकातला ओलावा गोठला. मग पंख्यांचा आवाज आला, सगळीकडून सारखा, इतका की आपलं पाऊलही आपल्याला ऐकू येऊ नये. घोडे छतापर्यंत गेलेले, प्रत्येक गल्लीच्या तोंडाला आकडा. तिसऱ्या गल्लीत एक माणूस खोकी उतरवत होता, त्याने आश्चर्याने हात वर केला. सहावीत दुसरा. सातवी रिकामी, आठवी रिकामी. नवव्या गल्लीच्या तोंडाशी ढकलगाडी उभी होती, निम्मी भरलेली, खोक्यांवर पांढरी भुकटी बसलेली.

लंबू गल्लीच्या आत पाठीवर पडला होता. शिडीच्या खालच्या पायरीवर बर्फ साचला होता आणि शिडी कलती होऊन घोड्याला टेकली होती. त्याचा उजवा पाय गुडघ्याखाली नको त्या दिशेला वळला होता. हात मात्र धड होते. गल्लीच्या तोंडापासून तो चौदा पावलांवर होता. एखाद्या माणसाला कोपरांवर सरकत एवढं अंतर कापायला किती वेळ लागला असता, हे चौकशीत नंतर कुणीतरी विचारलं आणि उत्तर लिहून घेतलं: पाच मिनिटं, फार तर सहा. ढकलगाडीपाशी तो कुणाच्याही नजरेला पडला असता.

तो सरकला नव्हता. हात दोन्ही बाजूंना सरळ टाकलेले होते, पाठ जमिनीला टेकलेली, आणि स्कॅनर छातीच्या बरोबर मध्यावर ठेवलेला. दोन बाकांच्या मध्ये निजला होता, तसाच.

वहिनी त्याच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. भुवयांवर, पापण्यांवर पांढरं साचलं होतं. तिने त्याचा गाल दोन्ही हातांत धरला. तिच्या मागे मुकादम मोठ्याने माणसांना हाका मारत होता, स्ट्रेचर आणा, ब्लँकेटं आणा. लंबूने डोळे उघडले. नजर तिच्यावर स्थिर व्हायला थोडा वेळ लागला.

"वहिनी," तो म्हणाला. शब्द एकमेकांना चिकटून येत होते. "मी हललो नाही."

ती म्हणाली की बोलू नकोस, नेतोय तुला, आलेच सगळे.

"पहिल्यांदा हाक मारली. मग आठवलं. मग अजिबात हललो नाही." तो थांबला. पुढचं बोलायला त्याला बराच वेळ लागला. "पण अंग थरथरायचं ना. थांबतच नव्हतं. मग तो पुन्हा शून्यापासून मोजायचा. माझंच चुकलं."

 तिने हात त्याच्या छातीवर, स्कॅनरच्या शेजारी ठेवला. जाड सुटाखाली त्याचं अंग शांत होतं. पडदा उजळलेला होता. कोपऱ्यातला चौकोन हिरवा होता.

"आता थांबलीय बघ थरथर," लंबू म्हणाला, आणि त्याने समाधानाने डोळे मिटले. "आता ओरडेल."